एस्त्रेमादुरा : सोने गेले, मिरची राहिली

स्पेन देशाचे नाव काढताच बैलाशी झुंजणारे वीर, माद्रिदची चित्रशाळा, बार्सिलोनाचा समुद्रकिनारा आणि चेंडूचे रंगलेले सामने आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच देशाच्या पश्चिम टोकाला, पोर्तुगालच्या सीमेला खेटून, एस्त्रेमादुरा नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे आणि बहुसंख्य प्रवासी त्याला वळसा घालून पुढे निघून जातात. त्याला समुद्र नाही. उन्हाळ्यात तेथील मैदानांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. कासेरेस आणि बादाहोस हे त्याचे दोन जिल्हे क्षेत्रफळाने मिळून आपल्या गोव्याच्या सुमारे अकरा पट भरतात. परंतु लोकवस्ती जेमतेम साडेदहा लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या गोव्याच्या साडेचौदा लाखांपेक्षाही कमीच!

मग अशा आडबाजूच्या मुलखाची ओळख आपण का करून घ्यावी? त्याचे कारण आपल्याच स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यात सापडेल. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, नकाशा समोर घ्या आणि एक सुट्टी मनाने तिकडे घालवू या. आपली दिवाळीची सुट्टी ज्या दिवसांत येते, तेच शरद ऋतूचे दिवस या प्रवासाला उत्तम. का, ते ओघाने कळेलच.

माद्रिदहून नैर्ऋत्येकडे सुमारे अडीचशे किलोमीटर गेले की एका टेकडीवर त्रुहियो हे दगडी गाव दिसू लागते. त्याच्या भव्य चौकात एका घोडेस्वाराचा ब्राँझचा पुतळा आहे. हा फ्रान्सिस्को पिसारो. याच गावी जन्मलेल्या या पुरुषाने १५३२ साली मूठभर सैनिकांनिशी दक्षिण अमेरिकेतील इंका राजा आताहुआल्पा याला कैद केले, सुटकेच्या मोबदल्यात खोलीभर सोने घेतले आणि तरीही पुढच्या वर्षी त्याला देहान्त शासन दिले. मेक्सिकोचे राज्य १५२१ मध्ये बुडवणारा एर्नान कोर्तेस हाही याच प्रदेशातील मेदेयीन गावचा. एका दरिद्री मुलखातून इतके विजेते निघाले याचे नवल वाटते. परंतु दारिद्र्य हेच त्याचे एक मोठे कारण होते. जमीन थोड्या सरदारांच्या हाती, घरात धाकट्या मुलांना वाटा नाही, तेव्हा समुद्रापलीकडे नशीब काढण्यावाचून तरुणांना दुसरी वाट नव्हती. त्यांच्या अंगी धाडस होते यात शंका नाही. पण त्या धाडसापायी दोन थोर संस्कृती धुळीस मिळाल्या, हेही त्या पुतळ्यापुढे उभे राहताना विसरता येत नाही.

त्या सोन्याचे पुढे काय झाले? चौकाच्या एका कोपऱ्यावर ‘विजयाचा प्रासाद’ म्हणून ओळखला जाणारा वाडा आहे. तो पिसारोचा भाऊ एर्नान्दो आणि त्याची पत्नी फ्रान्सिस्का यांनी बांधवला. फ्रान्सिस्का ही फ्रान्सिस्को पिसारोचीच मुलगी आणि तिची आई इंका राजघराण्यातील. असे काही वाडे, काही चर्चे, काही कोरीव कुलचिन्हे, एवढेच सोने या भूमीत मुरले. बाकीचे राजाच्या युद्धांत आणि परदेशी सावकारांच्या पेढ्यांत गेले. शेतकऱ्याच्या ताटात त्यातले काहीच पडले नाही.

पण अमेरिकेहून आलेली एक वस्तू मात्र त्याच्या ताटात पडली, आणि तिच्यासाठी आपल्याला त्रुहियोच्या पूर्वेस, डोंगरांत वसलेल्या गुआदालुपेच्या मठाकडे वळावे लागेल. कोलंबसाची या मठावर फार श्रद्धा होती. १४९३ साली एका बेटाला त्याने या मठाचेच नाव दिले आणि त्याने आणलेल्या दोन अमेरिकी रहिवाशांना १४९६ साली येथेच ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्यात आली. कोलंबसाबरोबर आलेले मिरचीचे बी या मठाच्या बागेत रुजले आणि त्याच पंथाच्या साधूंनी ते उत्तरेकडील युस्तेच्या मठात नेले, अशी तेथील परंपरा सांगते.

येथे थोडे थांबून एका गमतीकडे लक्ष देऊ. कोलंबस निघाला होता तो भारताच्या काळ्या मिरीच्या शोधात. मिरी त्याला मिळाली नाहीच. मिळाले ते एक तांबडे, तिखट फळ. स्पॅनिश भाषेत मिरीला ‘पिमिएंता’ म्हणतात. तेव्हा या नव्या फळाला लोकांनी ‘पिमिएंतो’ म्हटले. पुढे हेच फळ पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागले. तोवर आपल्याकडे तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांवरच अवलंबून होता. नवे फळ पाहून आपल्या पूर्वजांनी काय केले? ‘मिरी’वरून त्याला ‘मिरची’ म्हटले. कोकणीत ती ‘मिरसांग’ झाली. हजारो कोसांच्या अंतरावर, एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन समाजांनी एका पाहुण्याला एकाच रीतीने नाव दिले! अनोळखी वस्तूला ओळखीच्या नावाने घरात घ्यावे, हा माणसाचा स्वभावच असावा.

गुआदालुपेहून उत्तरेकडे गेले की ग्रेदोस पर्वताच्या दक्षिण उतारावर ला वेरा नावाची हिरवी, झऱ्यांनी भरलेली पट्टी लागते. युस्तेचा मठ येथेच आहे. ज्याच्या तिजोरीतून अमेरिकेचे सोने वाहून गेले, तो सम्राट पाचवा चार्ल्स राज्यत्याग करून शेवटचे दिवस घालवण्यासाठी येथे येऊन राहिला आणि १५५८ च्या सप्टेंबरात येथेच मरण पावला. संधिवाताने जर्जर झालेल्या या सम्राटाचे जिभेवर नियंत्रण नव्हते, असे इतिहासकार लिहितात. त्याच्या मठापेक्षाही आज ला वेरा प्रसिद्ध आहे ती ‘पिमेंतोन’ या लाल तिखटासाठी. मिरची तयार होते ती शरद ऋतूत, म्हणून आपण हे दिवस निवडले.

या तिखटाचा विशेष त्याच्या धुरकट सुवासात आहे, आणि तो सुवास हवामानाने दिलेला आहे. मिरची टिकवायची तर ती वाळवली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात अंगणात मिरच्या पसरतात, पुरुमेताची तयारी होते आणि जूनच्या पहिल्या सरीआधी त्या बरणीत जाऊन बसतात. स्पेनच्याच आग्नेयेला मुर्सिया प्रांतात कडक ऊन असल्यामुळे तेथेही मिरची उन्हातच वाळते. परंतु ला वेरामध्ये पीक हाती येते आणि नेमका त्याच वेळी शरदातला पाऊस सुरू होतो. उन्हावर विसंबले तर सारे पीक कुजून जाईल. यावर तेथील शेतकऱ्यांनी तोड काढली. शेतातच दुमजली वाळवणघरे बांधली. खाली ओकच्या लाकडांचा मंद विस्तव. वर फटी ठेवलेल्या लाकडी तक्तपोशीवर मिरच्यांचा थर. दहा-पंधरा दिवस हा विस्तव अखंड धुमसत ठेवायचा आणि रोज सारा थर हाताने उलथापालथा करायचा. डोळ्यांत धूर, हातांना आग, असे हे काम. नंतर देठ-बिया काढून ती दगडी जात्यांत सावकाश दळतात, कारण घाईने दळल्यास उष्णतेने रंग आणि वास उडतो. गोडे, आंबटगोड आणि जहाल अशा तीन जातींचे हे तिखट आज युरोपीय संघाच्या संरक्षित नामांकनाने विकले जाते. पावसाने जी अडचण घातली, तिच्यावर केलेला उपाय हीच त्या मालाची कीर्ती ठरली.

ला वेराहून नैर्ऋत्येस कासेरेसकडे जाताना रस्त्याच्या दोहों बाजूंना विरळ ओकवृक्षांची कुरणे मैलोगणती दिसतात. यांना ‘देएसा’ म्हणतात. हे रान नव्हे आणि शेतही नव्हे; शेकडो वर्षे माणसाने जपलेली ती एक व्यवस्था आहे. हलकी जमीन नांगरून थोडेच पिकते, म्हणून झाडे राखली. त्यांच्या सावलीत गवत वाढते, त्यावर मेंढ्या चरतात. बुचाच्या ओकाची साल झाडाला न मारता दर नऊ वर्षांनी सोलून काढतात. बाटल्यांना लागणारे बूच ते हेच. आणि ओकची फळे शरदात गळू लागली की काळसर इबेरियन डुकरे रानात सोडतात. ती हिवाळाभर त्या फळांवर पोसतात. त्यांच्या मांड्या मिठात मुरवून, थंड हवेत दोन-तीन वर्षे टांगून जो ‘हामोन’ होतो, त्याला साऱ्या स्पेनमध्ये मान आहे. उरलेल्या मांसात पिमेंतोन घालून ‘चोरिसो’ भरतात. गोव्यातील ख्रिस्ती बांधवांच्या घरची चोरीस हिचे नाव याच कुळातले, पोर्तुगीजांकडून आलेले. मात्र आपल्याकडे तिला धुराच्या चवीऐवजी सिर्क्याचा आंबटपणा मिळाला.

मांस न खाणाऱ्यालाही येथे उपाशी राहावे लागत नाही. मेंढपाळांचा जुना नाश्ता म्हणजे ‘मिगास’. शिळ्या पावाचा चुरा रात्री पाण्याच्या हबक्याने ओलवून ठेवायचा आणि सकाळी ऑलिव्हच्या तेलात लसूण, मिरची व पिमेंतोन घालून परतायचा. सोबतीला डुकराची चरबी घालण्याचा प्रघात आहे, ती वगळली की झाली आपली फोडणीची पोळीच! कासेरेसजवळच्या कासार गावी मेंढीच्या दुधाचे ‘तोर्ता’ नावाचे चीज करतात. ते विरजण्यासाठी रानातल्या काटेरी फुलाचे केसर वापरतात. मुरलेल्या चीजचा वरचा पापुद्रा टोपीसारखा कापून आतल्या मऊ गाभ्यात पाव बुडवून खायचा. शिळा पाव, रानफूल, ओकचे फळ, ओले लाकूड. श्रीमंताने ज्याकडे ढुंकून पाहिले नसते, त्यातूनच येथील अन्न उभे राहिले आहे.

जी गोष्ट अन्नाची तीच भाषेची. प्रदेशाच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या सीमेवर, तीन लहान गावांत एक निराळी बोली बोलतात. ती राजभाषा स्पॅनिशपेक्षा पोर्तुगीज आणि गालिसियन यांना जवळची. लोक तिला नुसते ‘फाला’, म्हणजे ‘बोलणे’, असे म्हणतात आणि तीनही गावांनी आपापल्या वळणाला निराळी नावे दिली आहेत. शाळेची भाषा एक आणि चुलीपाशी बोलायची दुसरी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. फाला टिकली ती घरोघरच्या बोलण्यामुळे. सरकारने तिला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली ती २००१ साली.

प्रवासाचा शेवट राजधानी मेरिदा येथे करावा. इसवी सनापूर्वी २५ व्या वर्षी रोमन सम्राट ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी हे नगर वसवले. तेथील दगडी नाट्यगृह दोन हजारांहून अधिक वर्षांचे आहे आणि उन्हाळ्यात त्याच पायऱ्यांवर बसून लोक आजही प्राचीन ग्रीक व रोमन नाटके पाहतात. रोमन गेले, त्यांनी बांधलेली जागा वापरात राहिली म्हणून जिवंत वाटते.

परंतु या सुंदर चित्राची दुसरी बाजू सांगितल्याविना लेख पुरा होणार नाही. १९६० साली या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे पावणेचौदा लाख होती. १९८१ साली ती साडेदहा लाखांच्या आसपास आली. तीन लाखांहून अधिक माणसांची ही घट. तरुण पिढी माद्रिद, बार्सिलोना, जर्मनी येथील कारखान्यांत गेली, आणि त्यानंतर लोकसंख्येने पुन्हा उचल खाल्लेली नाही. सोळाव्या शतकात तरुण जहाजाने गेले, विसाव्या शतकात आगगाडीने. घर सोडण्याचे कारण तेच. बोटीवर आणि परदेशात गेलेल्या माणसांची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच वाळवणघरात मिरच्यांचा थर उलथणारे हात मला पिसारोच्या पुतळ्यापेक्षा मोलाचे वाटतात. सोने एकदा लुटले की संपते. ज्ञान मात्र दर वर्षी नव्याने करावे लागते आणि ते करणारा गावात असावा लागतो. आपल्या काणकोण तालुक्यातील खोला गावची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन कागदावर मिळते, पण ती मिरची कधी लावावी, कोणत्या झाडाचे बी राखावे, किती ऊन द्यावे, हे कागदावर पुरते उतरत नाही. ते आपल्या आजी-आजोबांच्या हातांत आहे. या वर्षी अंगणात मिरच्या पसरल्या जातील तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा, विचारा आणि त्यांच्याबरोबर चार मिरच्या उलथा. सातासमुद्रांपलीकडून आलेली ती पाहुणी आपल्या घरची कशी झाली, ते त्या कामातच नीट समजेल.