बागसिंचनाच्या पंपातील गळती : कारणमीमांसा व दुरुस्ती

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या परिसरातील बाग बहुधा एका लहानशा पंपावर जगत असते. विहिरीतील किंवा जमिनीखालील टाकीतील पाणी उचलून ते ठिबक नळ्यांपर्यंत व तुषारांपर्यंत पोहोचविण्याचे काम एक-दोन अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप वर्षानुवर्षे करीत असतो. हरित लेखापरीक्षणाच्या अहवालात वृक्षांची संख्या येते, ठिबकाखालील क्षेत्र येते. पंपाच्या खोलीतील ओल मात्र सहसा कोणाच्या नोंदीत येत नाही.

पंप गळू लागला की प्रथम वाया जाणाऱ्या पाण्याची चिंता केली जाते. ही चिंता बव्हंशी अस्थानी आहे. पंप रोज दोन तास चालतो आणि सेकंदाला एक थेंब गळतो असे मानले, तर ७,२०० थेंब होतात. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे पाणी सुमारे ३६० मिलिलिटर, म्हणजे तांब्याभरही भरत नाही. प्रश्न पाणी किती गेले हा नसून ते कोठे गेले हा आहे. तेच पाणी मोटारीच्या बेअरिंगमध्ये व वेटोळ्यांत शिरले तर मोटार जळते. भूयोजन सदोष असेल तर पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरते, आणि तेथे अनवाणी, ओल्या जमिनीवर उभा असतो तो बागेचा माळी. प्रस्तुत लेखात या दृष्टीने गळतीचे स्थान, कारण व दुरुस्ती यांचा विचार केला आहे.

पंपाची रचना :

मोनोब्लॉक पंपात मोटार व पाणी फेकणारा पंखा म्हणजे इंपेलर एकाच दांड्यावर बसविलेले असतात. हा दांडा मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेतो. फिरता दांडा पंपाच्या स्थिर कवचातून जेथे बाहेर पडतो तेथे फट राहणे अटळ असते. ही फट राखण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या पंपांत ग्रीस लावलेल्या दोरीची कडी दांड्याभोवती बसवून ती ग्लँडने दाबलेली असतात. नव्या लहान पंपांत मेकॅनिकल सील असते. त्यात दांड्याबरोबर फिरणारी कार्बनची कडी स्थिर सिरॅमिक कडीवर स्प्रिंगच्या दाबाने घासत राहते. दोन्ही पृष्ठभाग अत्यंत सपाट असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो. सील थंड राहते ते या थरामुळेच.

या दोन रीतींतील फरक लक्षात न घेतल्याने निम्मे घोटाळे होतात. दोरीचा ग्लँड गळलाच पाहिजे. पंप चालू असताना मिनिटाला ४० ते ६० थेंब ही त्याची निरोगी अवस्था होय. तो पूर्ण कोरडा होईपर्यंत आवळला तर दोरी करपते आणि दांड्यावर कायमचे चर पडतात. याउलट मेकॅनिकल सीलमधून थेंब पडू लागला की सीलचे आयुष्य संपत आले असे समजावे.

गळतीचे स्थान :

दुरुस्तीपूर्वी पंप कोरडा पुसून, तो चालू करून पाणी प्रथम कोठे उमटते हे पाहावे. नळाच्या जोडातून पाणी येत असेल तर टेफ्लॉन टेप किंवा सूत-सफेदा लावून काम भागते. कवचाच्या सांध्यातून येत असेल तर पॅकिंग बदलावे लागते. मात्र पंप व मोटार यांच्या मधल्या भागात, खालच्या बाजूच्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर दोष सीलचा होय. हे भोक निर्मात्याने मुद्दाम ठेवलेले असते. सील निकामी झाले तरी पाणी मोटारीकडे न जाता खाली पडावे, एवढाच त्याचा उद्देश. कित्येक ठिकाणी हे भोक एम-सीलने बुजविलेले आढळते. गळती थांबल्याचे समाधान काही आठवडे मिळते. त्यानंतर बेअरिंग कुरकुरू लागते, आणि सीलच्या किरकोळ खर्चाच्या जागी मोटार नव्याने गुंडाळून घेण्याचा खर्च उभा राहतो.

आणखी एक गळती डोळ्यांना दिसतच नाही. पंप विहिरीच्या काठावर असेल तर त्याच्या शोषणनळीत वातावरणापेक्षा कमी दाब असतो. तेथील फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप पाणी सोडतो, धार तुटक येते, आणि दोष उगाच मोटारीवर ढकलला जातो. शोषणाला मुळातच मर्यादा आहे. पाणी वर चढते ते हवेच्या दाबाने, हे १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीने केलेल्या पाऱ्याच्या प्रयोगातून स्पष्ट झाले. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याला तोलतो. व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरील शहरात त्यातूनही अर्ध्या मीटरहून अधिक वजा होतात. अशा स्थितीत जोडातील केसाएवढी फट किंवा फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेली काडीदेखील पंप बंद पाडण्यास पुरेशी ठरते. चालू पंपाच्या शोषणनळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावावा. जेथे तो आत ओढला जाईल तेथे फट आहे.

गळतीची कारणे :

सील ऐन चैत्र-वैशाखातच का जाते, याचे उत्तर विहिरीत आहे. पाण्याची पातळी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेली की पंप कोरडा फिरतो, पाण्याचा थर नाहीसा होतो आणि सीलचे पृष्ठभाग काही क्षणांत तापतात. तेवढ्यात पाणी आले तर तापलेले सिरॅमिक तडकते. बागसिंचनात आणखी एक कारण संभवते. एका वाफ्याचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडण्याचे राहून जाते, किंवा ठिबकाची गाळणी गाळाने तुंबते. मग कवचातील तेच पाणी घुसळले जाऊन तापत राहते. म्हणून व्हॉल्व्ह बदलताना आधी नवा उघडावा व मग जुना बंद करावा.

काढलेले सील फेकून देण्यापूर्वी न्याहाळावे. कार्बनची कडी सर्वत्र सारखी झिजलेली असेल तर सीलने आपले आयुष्य पुरे केले. सिरॅमिकला तडा असेल तर पंप कोरडा चालला आहे. गोलाकार ओरखडे वाळू दाखवितात, तर रबर कडक होऊन चिरले असेल तर पाणी बंदिस्त राहून तापले आहे. झीज एका बाजूला रुंद व दुसरीकडे अरुंद असेल तर दांडा वाकला आहे किंवा बेअरिंग ढिले आहे. अशा वेळी नवे सीलही लवकरच गळेल. कारण न शोधता वर्षातून तीनदा सील बदलणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

दुरुस्ती :

मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व टेस्टरने खात्री करावी. सिंगल-फेज मोटारीच्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार उरतो, म्हणून विद्युत भागाचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. फ्यूज काढल्यानंतर कवचाचे बोल्ट सोडवावेत व इंपेलर उतरवावा. काही पंपांत त्याचे आटे उलटे असतात; जोर लावण्यापूर्वी ते पाहावे. जुने सील दुकानात नमुन्यादाखल न्यावे. दांड्याचा व्यास जुळला नाही तर सारे व्यर्थ.

दांडा बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. रबरी भागांना साबणाचे पाणी लावावे. काही रबरे तेलाने फुगतात, म्हणून तेल-ग्रीस टाळावे. सिरॅमिकची कडी तिच्या खोबणीत सरळ दाबून बसवावी, हातोडीचा मोह आवरावा. घासणाऱ्या पृष्ठभागांना बोट लागू देऊ नये. लागल्यास स्पिरिटने पुसावे. कवचाचे पॅकिंग नवे घालून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. ग्लँडची दोरी असेल तर जुनी सर्व कडी काढावीत, नवी तिरकस कापावीत व त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

पंप पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, दांडा हाताने मोकळा फिरतो याची खात्री करूनच मोटार सुरू करावी. खालच्या भोकातील एम-सील खरवडून काढले असल्याचे पुन्हा पाहावे. ईएलसीबीचे चाचणी बटण दाबून ती तुटते का हे तपासावे. अर्ध्या तासाने भोकाखाली कोरडा कागद ठेवावा. कागद कोरडाच राहिला तर तारीख, विहिरीतील पाण्याची पातळी आणि जुन्या सीलवर दिसलेली खूण पंपाच्या खोलीतील वहीत नोंदवावी.