छतातली इवलीशी काचेची नळी

दोस्तांनो, तुमच्या घरी माळा आहे ना? जुन्या गाद्या, मोडकी बॅट, बाबांची कॉलेजची पुस्तकं, गणपतीच्या मखराचं सामान... सगळं तिथं! इंग्लंड-अमेरिकेत असा माळा चक्क भाड्यानं मिळतो. मोठ्या इमारतीत शेकडो छोट्या खोल्या. आपलं सामान ठेवायचं, कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची.

लंडनच्या क्रॉयडन भागातल्या अशाच एका इमारतीला ३१ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी आग लागली. नवं वर्ष उजाडलं तरी अग्निशमन दलाचे जवान तिथंच झुंजत होते. हजाराहून जास्त खोल्यांतलं सामान जळालं. कुणाचे लहानपणीचे फोटो, कुणाचा अख्खा संसार!

अशी आग विझवणं इतकं अवघड का? खोल्या कुलूपबंद, आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. बोळ सगळे सारखेच, त्यात धूर. बंबाचं पाणी नेमकं जळत्या जागी पोचणार कसं?

म्हणून इंजिनिअर आधीच विचार करतात. आगीला दाद न देणाऱ्या भिंती आणि दारं घालून इमारतीचे वेगवेगळे भाग पाडायचे, म्हणजे एका भागातली आग दुसरीकडे लवकर जात नाही. पेट्रोल, गॅस सिलिंडर, फटाके ठेवायला बंदी. आणि छताला स्प्रिंकलर. क्रॉयडनच्या इमारतीत नेमके तेच नव्हते!

स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची इवलीशी नळी असते. तिच्यात रंगीत द्रव. लाल रंगाची नळी सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते, कारण तापलेला द्रव फुगतो. नळी फुटली की पाण्याची वाट मोकळी! सिनेमात सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होतात, ते विसरा. साधारणपणे जिथं उष्णता पोचते, तिथलाच उडतो. नुसत्या धुरानं तर तो फुटतच नाही. मात्र त्याच्याखाली साधारण अर्धा मीटर जागा मोकळी हवी. छतापर्यंत खोकी रचली तर पाणी पसरणार कसं?

आता मॉलमध्ये गेलात की वर बघा, दिसते का ती लाल नळी? आणि घरी आल्यावर आई-बाबांना घेऊन आपला जिना पाहा. सायकली, कुंड्या, चपलांचं कपाट वाटेत आहे? मग या रविवारी जिना मोकळा करायचा. आणि अग्निशमन दलाचा १०१ हा नंबर पाठ करायचा. कराल ना?