अंबाडीचा वाख आणि घुमणारी खोली

आजचा भाग भूमसारख्या गावात घरीच, मोबाइलवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. महागड्या फोमशिवाय खोली साउंडप्रूफ होते का?

आधी एक गोंधळ काढून टाकू. इथे कामं दोन आहेत. एक, बाहेरचा आवाज अडवणं. दोन, आतला आवाज घुमू न देणं. पहिल्याला वजन लागतं. भिंत दुप्पट जड केली, तर साधारण ५ ते ६ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून मातीच्या माळवदाखाली गोंगाट दबतो, आणि पत्र्याखाली पावसाचा थेंबन्‌थेंब ऐकू येतो. हलका धागा हे काम करू शकत नाही, मग तो अंबाडीचा असो की विकतच्या फोमचा तुकडा. कुणी तसं सांगून विकत असेल तर पैसे वाचवा.

दुसरं काम मात्र धागा झकास करतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती धाग्यांच्या फटींत शिरली की घासते आणि तिची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सबीन यांनी घुमणाऱ्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या गाद्या आणून हेच मोजलं. गाद्या वाढल्या तसा घुमारा घटला. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत उसाच्या चिपाडापासून सेलोटेक्सचे बोर्ड बनू लागले.

आपल्याकडे अंबाडी आहे, जिची भाजी आपण खातो. तिचे ताट पाण्यात कुजवून जो वाख निघतो, त्याचे दोर वळतात. जगात हेच झाड केनाफ म्हणून ओळखलं जातं आणि कारच्या दाराच्या आतल्या पॅनेलमध्ये वापरलं जातं.

पॅनेल असं करा. ५ सेंटिमीटर खोल लाकडी चौकट घ्या. वाख पिंजून सैलसर भरा, ठासू नका. वर पातळ सुती कापड लावा, प्लॅस्टिक नको. भिंतीला चिकटवलं तर ते साधारण १७०० हर्ट्‌झच्या वर चांगलं काम करतं. मागे ५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर ही हद्द ८५० च्या आसपास उतरते. एक रुपयाही खर्च न करता तोच फायदा! आवाजातली खोल घरघर मात्र यानेही जाणार नाही.

कापूस, ताग, जुनी गोधडी, सगळ्यांची परीक्षा एकच. तोंडाने फुंकर मारा. हवा थोडी अडत आरपार गेली तर माल कामाचा. थर्माकोलमधून जात नाही, म्हणून तो बाद.

शेवटचं, पण महत्त्वाचं. वाख पेटतो, ओल धरतो, वाळवीलाही आवडतो. फोमही पेटतोच आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे पॅनेल वायरिंग, बोर्ड आणि देवघरातल्या दिव्यापासून लांबच ठेवा.

लावण्याआधी आणि नंतर एकेक टाळी रेकॉर्ड करा. फरक कानालाच कळेल.