सोयाबीन बाजाराला, डाळ घराला



वडीगोद्री गटात ऊसनोंदीला फिरताना एका माळकरी सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, सोयाबीनच्या वड्या पोटाला सोसत नाहीत, मटण-अंडी घरात चालत नाहीत. मग ताकद कुठनं यायची?" हा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून उत्तर इथे देत आहोत.

सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम, हे खरे. पण त्याच्यावाचून अडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या मापाप्रमाणे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. आता हिशेब करा :

ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम – ३० ग्रॅम
डाळ किंवा मटकी ८० ग्रॅम – १७ ग्रॅम
शेंगदाणे मूठभर (३० ग्रॅम) – ७ ग्रॅम
दूध पाव लिटर – ८ ग्रॅम

एकूण ६२ ग्रॅम झाले. धान्यातली प्रथिने सगळीच अंगी लागत नाहीत, म्हणून थोडे जास्त धरलेले बरे. मात्र नुसत्या भाकरीने भागत नाही. ज्वारीत लायसिन हा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी-तिळात मिळते. एका बैलाने औत चालत नाही, तसेच हे आहे.

आणखी दोन गोष्टी. ब-१२ जीवनसत्त्व डाळ-भाजीत नसते, शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताकातूनच मिळते. तेव्हा सगळे दूध डेअरीला घालू नका. सतत थकवा, हातापायाला मुंग्या असतील तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. दुसरे, लोहासाठी पालेभाजी, मटकी खाताना लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे. १९७६ साली जायकवाडी धरण झाले, डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला. आम्हीही गुंठा न् गुंठा उसाखाली आणा म्हणत फिरलो. त्यात घरची तूर, मूग गेले. आता डाळ दुकानातून पाव-पाव किलो येते, आणि शेवटी जेवणाऱ्या माऊलीच्या ताटात वरणाचे नुसते पाणी उरते. बाळंतीण असो की लेकुरवाळी, तिच्याच रक्तात लोह कमी निघते. हे आमच्याही ध्यानात उशिरा आले.

यावर उपाय शेतातच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत सरीच्या मधल्या जागेत हरभरा घ्या, सुरू उसात उन्हाळी मूग, आडसालीत भुईमूग किंवा चवळी. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, बेवड चांगला होतो. बांधावर तूर टोका. उसाची मोठी बांधणी करण्याआधी आंतरपीक निघाले पाहिजे, एवढे सांभाळा.

सोयाबीन खुशाल विका. पण वर्षाची डाळ आधी कणगीत भरा, आणि ताट वाढताना घट्ट वरण घरातल्या बाईलाही वाढा.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग