परागकणांची लक्षणे व निकटवर्ती वनस्पतींचे वर्गीकरण

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास काळ्या जमिनीत, शेतांच्या बांधांवर व ओलसर जागी उंदीरकानी ही सरपटणारी वनस्पती आढळते. मूत्रपिंडाकार पाने व लहान पिवळी फुले यांवरून ती ओळखणे कठीण नाही. परंतु हरिणपदी कुलातील कोणत्या प्रजातीत तिचा समावेश करावा, याविषयी मात्र मतभेद होत गेले. 1768 मध्ये बुर्मान यांनी तिला इव्हॉल्व्ह्युलस प्रजातीत घातले. हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथात ती इपोमिया रेनिफॉर्मिस या नावाने येते. पुढे मेर्रेमिया इमार्जिनॅटा हे नाव रूढ झाले. या शेवटच्या बदलाचा आधार परागकण हा होय.

1893 मध्ये हॅलियर यांनी परागकणांच्या बाह्यकवचावरून या कुलाचे दोन विभाग केले : काटेरी व काटेविरहित. इपोमियाचे परागकण गोलाकार, सर्वांगावर रंध्रे असलेले व काटेरी असतात. मेर्रेमियाच्या परागकणांवर काटे नसून बहुधा लांबट चिरा असतात. फुलांच्या बाह्य साम्यामुळे एकत्र गणल्या गेलेल्या जाती अशा रीतीने पृथक झाल्या.

बाह्यकवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ द्रव्याचे असते. म्हणूनच अनेक वर्षांपूर्वीच्या शुष्क नमुन्यातील परागकणही अभ्यासता येतात. एर्टमन यांच्या अ‍ॅसिटोलिसिस पद्धतीत नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड व एक भाग संहत गंधकाम्ल यांच्या मिश्रणात परागकण तापवितात. आतील द्रव्य नष्ट होऊन कवचाची रचना स्पष्ट होते.

तथापि या लक्षणाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. स्टेफानोविच व सहकाऱ्यांनी 2002 व 2003 मध्ये हरितलवकातील डी.एन.ए.च्या आधारे केलेल्या संशोधनात काटेरी परागकणांच्या वनस्पती एकाच पूर्वजापासून आल्याचे आढळले. काटेविरहितांविषयी तसे म्हणता आले नाही. 2017 मध्ये मेर्रेमिया व तिच्या निकटच्या प्रजातींचा गणही विसर्जित करण्यात आला. काटे असणे हे नात्याचे प्रमाण ठरते. काटे नसणे हा मात्र केवळ पूर्वापार चालत आलेला वारसा असू शकतो.

इपोमियाच्याच दोन जातींचा निवाडा करताना तर अधिक सावधगिरी हवी. परागकणांचा आकार गुणसूत्रसंचाच्या संख्येनुसार वाढतो, ग्लिसरीन जेलीत ते फुगतात, आणि काट्यांच्या लांबीची मापे परस्परांत मिसळतात. समुद्रशोकाचे परागकणही काटेरीच असतात. तेथे फळ पाहणे अपरिहार्य ठरते.

व्यवहारात मात्र या ज्ञानाचा उपयोग मोठा आहे. शंखपुष्पी या नावाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस व इव्हॉल्व्ह्युलस या दोन्ही प्रजातींतील वनस्पती विकल्या जातात. पहिल्याच्या परागकणावर तीन चिरा, तर दुसऱ्याच्या परागकणावर सर्वांगभर अनेक चिरा असतात. त्यामुळे चूर्णात फुलांचे अंश असल्यास भेद करता येतो. म्हणून मराठवाड्यातील वनस्पतींची निश्चिती करताना नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (1998) या ग्रंथाच्या जोडीस जतन केलेला नमुना व त्याच नमुन्यातील परागकणांची काचपट्टी असणे श्रेयस्कर होय.