पाण्याकाठचे क्लबगृह : काठ आधी, वास्तू नंतर

बंडगार्डनहून येरवड्याकडे जाताना जुन्या फिट्झगेराल्ड पुलावर क्षणभर थांबले, की एकाच नदीची दोन रूपे दिसतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तळ्यासारखे पसरलेले संथ पाणी आणि खालच्या अंगाला खडकांतून वाट काढणारा प्रवाह. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने १८५० च्या सुमारास हा बंधारा उभा राहिला. त्याने अडविलेल्या पाण्यामुळे नौकाविहाराला जागा मिळाली. येरवड्यासमोरच्या काठावर १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब स्थापन झाला आणि तेथील रस्त्यालाही पुढे त्याचेच नाव पडले.

आज येरवड्याच्या बाजूला असेच एखादे नवे क्लबगृह बांधायचे ठरले, तर ते कसे असावे? वास्तुरचनाकाराने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी नदीने आखलेल्या रेघा पाहाव्यात, हे या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे.

नदीच्या दोन रेषा

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. दोन्ही रेषांमधील पट्ट्यात ते निर्बंधांसह करता येते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र अनेकांची फसगत होते. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, असा त्याचा अर्थ आहे. वास्तूचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले, तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी किमान एकदा पोहोचण्याची शक्यता सुमारे ४० टक्के भरते.

येरवड्याजवळ तर मुळा, मुठा आणि दापोडीला मुळेत मिसळलेली पवना अशा तिन्ही नद्यांचे पाणी एकत्र येते. येथील पातळी शहरातल्या पावसाबरोबरच वरच्या धरणांतून होणाऱ्या विसर्गावरही ठरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तो प्रसंग अपवादात्मक होता. परंतु जुलै २०२४ मध्ये कोणतेही धरण फुटलेले नसताना नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. म्हणूनच मुख्य इमारत लाल रेषेबाहेर, उंचवट्यावर असावी. नावा पाण्यात उतरविण्यासाठी काठाशी केवळ दगडी उतार आणि पायऱ्या असाव्यात. पूर आला तर त्या बुडतील आणि ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येतील. भराव टाकून जमीन उंच करण्याचा मोह सर्वांत घातक आहे, कारण एका काठावर अडविलेले पाणी दुसऱ्याच्या दारात जाते.

ओसरी हेच मुख्य दालन

क्लबमध्ये माणसे येतात ती पाण्याकडे पाहत निवांत बसण्यासाठी. तेव्हा वातानुकूलित सभागृहापेक्षा ओसरी महत्त्वाची. तिचा उत्तम धडा येरवड्याजवळच आहे. १८९२ मध्ये बांधलेल्या आगाखान पॅलेसच्या भोवती सुमारे अडीच मीटर रुंदीचा कमानदार व्हरांडा फिरतो आणि आतल्या भिंतींना ऊन-पावसापासून जपतो.

या रुंदीमागचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. येरवडा नदीच्या उत्तर काठावर असल्याने क्लबगृहाचे तोंड साधारण दक्षिणेकडे येईल. पुण्यात जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या ओसरीत ऊन शिरतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि तीन मीटर उंचीच्या ओसरीत ऊन पावणेतीन मीटर आत येते. म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब, तीही विजेविना. पश्चिमेची बाजू मात्र शक्यतो बंद ठेवावी. तिकडून दुपारचे कललेले ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर सडही येते.

काचेच्या मोठ्या भिंतींना येथे स्थान नसावे. काच उष्णता आत कोंडते आणि तीत उमटलेल्या झाडांच्या प्रतिबिंबाला भुलून पक्षी आदळतात. येरवड्याच्या काठावरच पक्षिमित्रांनी जपलेला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा हरित पट्टा आहे. साहजिकच रात्रीचे दिवेही मोजके, खाली तोंड केलेले असावेत. पाण्यावर झोत टाकू नये.

बांधकामाला दख्खनचा काळा पाषाण, छपराला उतार आणि उंची झाडांच्या शेंड्यांखाली, एवढे पथ्य पाळले तर इमारत काठावर परकी वाटणार नाही. हिरवळीऐवजी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही नदीकाठची झाडे राखावीत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. स्वयंपाकघराचे आणि स्वच्छतागृहांचे सांडपाणी शुद्ध करून बागेलाच द्यावे. मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी सांडपाण्यावरच पोसली जाते. जलपर्णीने झाकलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या पाण्याकाठी कितीही देखणी ओसरी बांधली, तरी तेथे कोण बसणार?

काठ कोणाचा?

शेवटचा प्रश्न रचनेपलीकडचा आहे. क्लब सभासदांचा असतो, नदी मात्र सर्वांची. क्लबच्या कुंपणामुळे काठावरून चालणाऱ्यांची वाट तुटता कामा नये. २०२२ मध्ये भूमिपूजन झालेल्या पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून वृक्षतोड आणि नदीपात्राचा संकोच हे मुद्दे ऐरणीवर आले. सुशोभन करताना नदीची जागा घ्यायची की तिला जागा द्यायची, हा त्या वादाचा गाभा आहे आणि लहानशा क्लबगृहालाही तो चुकत नाही.

आगाखान पॅलेसच्या आवारातील कस्तुरबांच्या समाधिस्थळाची रचना चार्ल्स कोरिया यांनी केली. तेथे भव्य इमारत नाही; उघड्या आकाशाखालील चौथरे आहेत. जागेचे मोठेपण ओळखून वास्तूने लहान होणे म्हणजे काय, हे तेथे समजते. नव्या क्लबगृहाची परीक्षा पलीकडच्या काठावरून घ्यावी. तेथून आधी पाणी, मग झाडे आणि त्यांच्या आडून जेमतेम एक छप्पर दिसले, तर आराखडा जमला असे समजावे.