कॉम्प्युटरातली सनई

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सर्वांत आधी कोण जागे होते, यावरून त्या घराची ओळख पटते. कुठे आजी, कुठे न्हाणीघरातला बंब, कुठे रेडिओ. आमच्या पार्ल्याच्या घरात १९९६ च्या दिवाळीत सर्वांत आधी जागा झाला तो दादाचा कॉम्प्युटर!

मी तेव्हा बारावीत होतो. दादा दीड वर्ष सिंगापूरला नोकरी करून परतला होता आणि येताना ती भलीमोठी पेटी घेऊन आला होता. तिला हात लावण्याची मला सक्त मनाई होती. पहाटे साडेचारला त्या पेटीतून सनई सुरू झाली. खाली षड्जाचा आधार, मागे सतारीच्या तारा. आई उटण्याची वाटी घेऊन दारातच थबकली. तिला वाटले रेडिओच लागला.

"रेडिओ नाही, आई. मी बांधलीय ही चाल," दादा म्हणाला.

भूपाळीच्या वळणाची ती तीन मिनिटांची चाल त्याने दोन महिने रात्री जागून एकेक स्वर टिपून तयार केली होती. पुढे चार दिवाळ्या आमच्या घरी तिनेच उजाडल्या.

२००३ साली तो कॉम्प्युटर आम्ही रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला, तोही वजनावर! २०११ साली दादा गेला. आणि २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत ताईच्या लग्नपत्रिकांच्या खोक्यात एक फ्लॉपी सापडली. तिच्यावर दादाच्या अक्षरात एकच शब्द होता : दिवाळी.

इतक्या वर्षांनी ती वाचता आली हे आमचे नशीब. आत जेमतेम वीस किलोबाइटांची एक फाइल होती. मी ती माझ्या लॅपटॉपवर लावली आणि आईला हाक मारली. आईने वयाची ऐंशी ओलांडली आहे. पण जन्मभर पेटीच्या शिकवण्या केलेला तिचा कान अजून शाबूत आहे. तिने डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाली, "चाल दादाची आहे रे. सनई दादाची नाही."

या एका वाक्याने पुढचे वर्षभर मला नादी लावले.

वाचक विचारतील, फाइल तीच, मग आवाज दुसरा कसा? गंमत अशी की, त्या फाइलीत आवाज मुळी नसतोच. तिला मिडी फाइल म्हणतात. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा. अमेरिकन आणि जपानी वाद्यनिर्मात्यांनी ती १९८३ साली चालू केली. तिच्यात फक्त सूचना असतात : अमुक स्वर दाबा, इतक्या जोराने दाबा, आता सोडा. भातखंड्यांच्या लिपीत लिहिलेली चीज जशी कागदावर मुकी असते, तशीच ही फाइल. गळा लागतो तो गवयाचा, आणि कॉम्प्युटरातला गवई म्हणजे त्याचे साउंड कार्ड.

१९९१ साली या मंडळींनी १२८ वाद्यांची एक यादी ठरवली. पहिल्या क्रमांकावर पियानो आणि पुढे पुढे जाता १०५ वर चक्क सतार, ११२ वर शहनाई! तबल्याला मात्र यादीत जागा मिळाली नाही. दादाने बिचाऱ्याने बोंगो-कोंगोवर भागवले होते. आता ११२ म्हणजे शहनाई हे ठरले. पण ती शहनाई ऐकू कशी यावी हे ज्याच्या त्याच्या कारखान्यावर सोपवले होते.

त्याआधीची कार्डे, उदाहरणार्थ १९८७ चे कॅनडातले अॅडलिब, सगळी वाद्ये गणिताने घडवीत. एका लहरीने दुसरी लहर हलवायची आणि त्यातून घंटा, बासरी, व्हायोलिन काढायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली ही युक्ती मोठी सुंदर होती. पण त्या कार्डांवर सनई लावली, की ती कानाशी गुणगुणणाऱ्या डासाच्या जवळची वाटे.

वेव्हटेबल कार्डांनी दुसरा मार्ग धरला. (जाणकार सांगतील की हे नाव काटेकोर नव्हे, पण बाजारात तेच रूढ झाले.) खऱ्या वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून तो चिपमध्ये कोरून ठेवायचा. जागेची मात्र भारी ओढाताण! सगळी वाद्यशाळा एक ते चार मेगाबाइटांत बसवायची. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तेवढा भरतो. म्हणून स्वराची सुरुवातीची फुंक पूर्ण घ्यायची आणि पुढचा चिमूटभर तुकडा फिरवत राहायचा, चरकात घातल्यासारखा. प्रत्येक पट्टीचा स्वर वेगळा घेणे परवडत नाही, मग जवळचाच स्वर भरभर किंवा सावकाश फिरवून चढवायचा किंवा उतरवायचा. ग्रामोफोनची तबकडी जास्त वेगाने फिरवली की गवयाचा आवाज चिरका होतो ना, तोच प्रकार. कुठला तुकडा घ्यायचा, तो किती लांब ठेवायचा, किती ताणायचा यात प्रत्येक कारखान्याची हातोटी निराळी. म्हणून एकच फाइल दर कार्डावर दर वेळी नवी वाटते.

आता दादाचे कार्ड कोणते होते? पेटी तर भंगारात गेलेली. कुणाला काही आठवेना. तेव्हा मी एक जुना पेंटियम कॉम्प्युटर मिळवला आणि एकेक कार्ड जमवू लागलो. काही लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांकडून, काही स्नेह्यांच्या माळ्यांवरून, एक जपानहून. घरात "ही" म्हणाली, "सनईचे वेड हत्तीच्या वेडाहून स्वस्त आहे, एवढेच समाधान."

परीक्षेचे नियम मी कडक ठेवले. अॅम्प्लिफायर एक, स्पीकर तेच. प्रत्येक कार्डाचा आवाज आधी सारखा जुळवून घ्यायचा. कारण जरा मोठ्याने वाजणारे कार्ड नेहमी जास्त चांगलेच वाटते. आणि आई पाठमोरी बसणार, कोणते कार्ड चालू आहे ते तिला सांगायचे नाही.

पहिले आले रोलंड कंपनीचे एस्‌सीसी-१, १९९१ चे. वयाने सर्वांत वडील, पण काय त्याचा तजेला! प्रत्येक वाद्य वेगळे, स्वच्छ, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. त्या काळच्या कित्येक कॉम्प्युटर-खेळांचे संगीत रोलंडच्या याच कुळातल्या यंत्रांवर बांधले गेले, ते उगीच नाही. मी खूश झालो. आई मात्र म्हणाली, "आधाराचा सा मधेच तुटतो. दादा असे कधी करायचा नाही."

दुसरे साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई-३२, १९९४ चे, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे. दादा सिंगापूरहून आला होता, तेव्हा माझी पैज याच्यावर होती. कार्ड हातभर लांब. पण वाद्यांसाठी आत कोरलेली जागा एकच मेगाबाइट. वर आणखी मेमरी बसवून आपले स्वर भरण्याची सोय हा त्याचा मोठा गुण. ढोल-ताशांत ते रंगते, सनई मात्र जरा अंग चोरून येते. आईने मान हलवली.

तिसरे जपानहून आलेले यामाहाचे डीबी५०एक्सजी, १९९५ चे. हे खरे तर पोटकार्ड. मोठ्या कार्डाच्या पाठीवर सव्वीस पिनांच्या जोडणीने बसते. चार मेगाबाइटांचा संग्रह आणि वर प्रतिध्वनीची उत्तम सोय. माझ्या कानाला चौघांत श्रीमंत हेच. सतारीला मखमल, सनईला देवळाच्या सभामंडपाचा घुमारा! मी आशेने आईकडे पाहिले. ती म्हणाली, "सनई छान आहे. पण विहिरीत बसून वाजवतोय का रे कुणी?"

मध्यंतरी एक फजितीही झाली. एका कार्डाचा (नाव सांगत नाही) सनईचा वरचा सा सुटेचना. सूचना 'सोडा' अशी गेली, पण कार्डाने ती ऐकलीच नाही. रात्री अकराला शेजारचे काका दार ठोठावून विचारू लागले, "मुहूर्त कितीचा आहे?"

"विहीर" हा शब्द मात्र मनातून जाईना. शेवटी मी दादाची फाइल उघडून स्वरांची यादीच वाचायला बसलो. आणि पाहतो तो काय, सनईचा प्रत्येक स्वर दोनदा लिहिलेला! एकदा नीट, आणि क्षणभराने दुसऱ्या ओळीत तोच स्वर पुन्हा, पण अगदी हळू. आधी वाटले, दादाची चूक. मग लख्ख उजेड पडला. ती चूक नव्हती, तो घुमारा होता. त्याच्या कार्डाला प्रतिध्वनी देता येत नव्हता, म्हणून त्याने तीन मिनिटांच्या चालीतल्या शेकडो स्वरांमागे एकेक सावली हाताने उभी केली होती!

आता सगळे कोडे सुटले. यामाहा आपला घुमारा देत होते आणि दादाच्या घुमाऱ्यावर दुसरा चढत होता, म्हणून विहीर. रोलंडच्या कार्डाला एका वेळी चोवीसच आवाज काढता येतात, आणि काही वाद्यांना एका स्वरासाठी दोन-दोन आवाज लागतात. दादाच्या सावल्यांनी ती गर्दी वाढली की कुणाला तरी गप्प बसावे लागे. म्हणून तुटणारा सा. म्हणजे हवे होते असे कार्ड, जे एकदम बत्तीस आवाज काढील आणि ज्याला प्रतिध्वनीचे नावही ठाऊक नसेल.

असे एक होते : क्रिएटिव्हचेच वेव्ह ब्लास्टर. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ वर बसणारे पोटकार्ड. चार मेगाबाइट, बत्तीस आवाज, आणि प्रतिध्वनी अजिबात नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याच्या खणात ते निघाले. एरवी ऐकले तर कोरडे, गिलावा न केलेल्या भिंतीसारखे. नुसत्या कार्डांची स्पर्धा असती तर मी त्याला तिसरा क्रमांक दिला असता.

२०२४ च्या नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला मी ते लावले. आईला आधी काही सांगितले नव्हते. सनई सुरू झाली. दादाने हाताने उभा केलेला तो दिवाणखाना खोलीत उभा राहिला, ना कमी ना जास्त. आई उटण्याची वाटी घेऊन आली आणि दारातच थबकली. चाल संपेपर्यंत हलली नाही.

तेव्हा कोणते कार्ड उत्तम, असे कुणी विचारले तर मी हल्ली उलटच विचारतो, चाल कुणी आणि कशावर बांधली? ज्याने बांधली त्याच्या कानात जे वाजत होते, त्याच्या बेताने त्याने प्रत्येक स्वर तोललेला असतो. त्याहून सरस कार्डावर लावली तरी तो तोल ढळतो.

आणि एक विनंती. माळ्यावर जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा झाकण उघडा. आतल्या कार्डावरचे नाव एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी फ्लॉप्यांच्या डब्यात ठेवा. आमचे एक वर्ष गेले, ते त्या एका चिठ्ठीअभावी.

चाल संपल्यावर आईने वाटी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादाला म्हणावे, आता बंद कर. पाणी निवतेय."

तिला दुरुस्त करायला कुणी गेले नाही. मी उठलो आणि कॉम्प्युटर बंद केला.